बेवारशी कुलपं

१२ जानेवारी

आयुष्यात कधी डायरी लिहिली नाही. पण घरात सध्या खरं बोलायची चोरी आणि दुकानात बोलायला गिऱ्हाईक नाही, तेव्हा म्हटलं कागदाशी तरी बोलावं. कागद उलट उत्तर देत नाही. ताई देते.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी नुकता चालायला लागलो होतो. ताईनंच मला भरवलं, शाळेत घातलं, वेळप्रसंगी कानफटातही दिली. पुढे तिचं लग्न झालं, नवरा गेला, ती परत आली. माझं लग्न झालंच नाही. आता दोन म्हातारी माणसं एका घरात. पुढच्या खोलीत माझं कुलूप-किल्लीचं दुकान, मागे स्वयंपाकघर आणि तिची खोली. मी साठी ओलांडली तरी ती मला ढब्बू म्हणते, तेही गिऱ्हाइकांसमोर.

ताईच्या काखेखाली, बरगडीला धरून गाठ आहे. वाईट जातीची. आधीचं औषध मागच्या महिन्यात बंद केलं. डॉक्टर म्हणाले, "हे औषध गाठीपेक्षा यांनाच जास्त खातंय." मी चहा आणायला म्हणून खाली गेलो आणि दवाखान्याच्या जिन्यात माझ्या डोळ्यांत धूळ गेली. बराच वेळ गेली. जिने झाडतात कुठे हे लोक.

आज नव्या उपचाराबद्दल सांगायला एक बाई आली. बाई कसली, मुलगीच. प्रयोगशाळेत काम करते. बारीक मणी बनवलेत तिनं, इतके बारीक की केसाच्या जाडीत शेकड्यांनी मावतील. पॉलिमरचे. मी विचारलं, "म्हणजे प्लॅस्टिक?" तर म्हणाली, "प्लॅस्टिकचा लांबचा चुलतभाऊ. पण हा गुणी आहे, काम झालं की शरीरात विरघळून जातो." औषध मण्याला बांधलेलं असतं. रक्तातून फिरताना ते सुटत नाही. गाठीच्या आसपास आंबटपणा जास्त असतो, तिथे पोचलं की बंध सुटतो आणि औषध गाठीवरच पडतं.

मी म्हणालो, "अहो, म्हणजे कुलूपच की! किल्ली चोराच्याच घरी ठेवलेली." ती इतकी हसली की मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं. ताई म्हणाली, "याला प्रत्येक गोष्टीत कुलूप दिसतं. लक्ष देऊ नका."

अट एकच: औषधाचं माप वजनावर. दर दोन-तीन आठवड्यांनी, डोसाआधी वजन करायचं, आणि ते ठरलेल्या आकड्याखाली गेलं की उपचार थांबणार. ताईनं तो आकडा दोनदा विचारून घेतला. लक्ष असतं तिचं.

१९ जानेवारी

पहिला डोस झाला. मणीवालीनं (मी तिला हेच म्हणतो, तिलाही चालतं) घरी न्यायला एक डबी दिली. काडेपेटीहून जरा मोठी. औषध मण्यापासून सुटलं की तिथे एक रंग उजळतो. आपल्याला दिसत नाही, डबीला दिसतो. रोज सकाळी डबी आधी गाठीवर धरायची, मग मनगटावर. गाठीचा आकडा वर जायला हवा, कारण तिथे औषध सुटायला हवं. मनगटाचा खाली राहायला हवा, कारण रक्तात मोकाट फिरायला नको. आकडे आपोआप तिकडे प्रयोगशाळेत जातात.

आज गाठीचा आकडा वर, मनगटाचा अगदी खाली. मी ताईला म्हटलं, "बघ, चोराच्याच घरी दार उघडलं." ती म्हणाली, "हात गार आहेत तुझे, आधी चोळून घे."

२ फेब्रुवारी

ताई जेवायला लागली! आधीच्या औषधात घासभर खाल्लं तरी ओकायची. आता ताट लख्ख. मऊ भात, उकडलेलं अंडं, मासा, जे करीन ते फस्त. तिची एकच अट, मी समोर बसायचं नाही. "तू घास मोजत बसतोस, मग घशाखाली उतरत नाही," म्हणते. खरंय तिचं. मी ताट वाढतो आणि पुढे दुकानात जाऊन बसतो. ती खिडकीशी बसून सावकाश जेवते. मी परत येतो तेव्हा ताट असं स्वच्छ की धुवायची लाज वाटावी.

आज दुपारभर तिचं शिवणकाम चाललं होतं. आयुष्यभर कपडे शिवून जगली, हात कसा स्वस्थ बसेल. झग्याला आतून खिसे लावत होती, चांगले जाड कापडाचे. "कशाला गं?" "रुमाल ठेवायला." रुमालाला एवढं जाड कापड? पण बायकांच्या शिवणात आपण नाक खुपसू नये.

शेजारणीचा बोका हल्ली फार येतो. मिशा अशा की मी त्याला फौजदार म्हणतो. खिडकीत बसून तपासणीला आल्यासारखा बघतो.

९ फेब्रुवारी

दुसरा डोस. त्याआधी वजन. दवाखान्यात जाताना ताई माझ्या हातावर रेलून चालत होती आणि आज तिचा भार चांगलाच जाणवला. मनात म्हटलं, वा! अंगाला लागतंय खाल्लेलं. आणि खरंच, काट्यावर वजन तसूभर कमी नाही. नर्सबाईंनी शाबासकी दिली. ताई गारठते म्हणून तिला कोट काढायला लावत नाहीत, कोटाचं म्हणून थोडं वजा करतात.

चालताना ताईचं काहीतरी खुळखुळत होतं. म्हटलं, "सांधे वाजतात की काय तुझे?" तर म्हणाली, "म्हातारपण आहे. तुझं डोकं वाजतं, माझे सांधे."

घरी आल्यावर तिला झोपवलं आणि इतका आनंद झाला की मी स्वतःशी शीळ घातली. लगेच आतून आवाज आला, "बेसूर आहे."

१७ फेब्रुवारी

शेजारीण आज भांडायला आली. म्हणे मी तिच्या बोक्याला खाऊ घालून बिघडवलं. तो घरचं दूध हुंगतही नाही, आणि पोट जमिनीला टेकायला आलंय. मी म्हटलं, "अहो, मी कशाला घालीन? मला बोक्याचं तोंड बघवत नाही." ती म्हणाली, "मग मासळीचा वास कुठून येतो त्याच्या मिशांना?" चोर तो चोर वर शिरजोर! चांगलं खडसावून पाठवलं. ताई आत बसून ऐकत होती, एरवी माझी बाजू घेऊन भांडते, आज चकार शब्द नाही.

ती जरा गप्पच असते. तोंडात फोड आल्यासारखं बोलते. विचारलं तर कवळीवर ढकलते. काल भांडी घासताना बोटातली अंगठी निसटून मोरीत गेली, तर म्हणे साबणानं. मी गजानं उकरून काढून दिली. तिनं ती दोऱ्याला बांधून गळ्यात घातली.

दुकानातली एक पेटी कुणीतरी हलवलीय. त्यात माझी बेवारशी कुलपं असतात. लोक दुरुस्तीला टाकून जातात आणि परत येत नाहीत, किंवा किल्ली हरवलेली असते आणि नवी करण्यात जीव नसतो. पितळेची, जुनी, अर्ध्या-अर्ध्या किलोची. टाकवत नाहीत. त्यातली काही दिसेनात. एवढं जड काय उंदीर नेणार? ताईला विचारलं. म्हणाली, "तेल घालून ठेवतेय, गंजली होती." आजारातही हिला घरकाम सुचतं.

२३ फेब्रुवारी

तिसरा डोस. वजन वाढलं! किलोभर वर! नर्सबाई म्हणाल्या, "आजी, माप वाढवावं लागणार तुमचं." ताईच्या चेहऱ्यावर मात्र भाजीत मीठ जास्त पडल्यावर दिसतो तसा भाव. अंदाज नेहमीच चुकतो तिचा मिठाचा, पण इथे अंदाजाचा काय संबंध?

परत येताना पायऱ्यांवर तिला दोनदा थांबावं लागलं. म्हटलं, वजन वाढलं की धाप लागायचीच.

२७ फेब्रुवारी

मनगटाचा आकडा चढतोय. आधी थोडा, मग रोज. आज सकाळी गाठीच्या आकड्याच्या बरोबरीला आला. ताईचे हात थरथरतात. मी दवाखान्यात फोन केला तर म्हणाले, आम्हीही तेच बघतोय, ताबडतोब घेऊन या.

मणीवाली तिथेच होती. चेहरा उतरलेला. तिच्या म्हणण्याप्रमाणे या वजनाच्या माणसात, या मापाला, मनगटाचा आकडा इतका चढूच शकत नाही. एकच अर्थ निघतो, मणी वाटेतच सुटतायत. तिचं काम फसलंय. आणखी काही जणांना हेच औषध चालू आहे, ते सगळं थांबवावं लागेल. परवा बाहेरचे दोन तपासनीस येणार, मग निर्णय.

माझं डोकं सटकलं. मी म्हणालो, "कुलूप धड बसवता येत नाही तर माणसांच्या अंगात कशाला घालता? माझ्या बहिणीवर शिकताय?" आवाज चढला माझा. ती पोर उलट बोलली नाही. "तुमचं बरोबर आहे, काका," एवढंच म्हणाली, आणि वहीत काहीतरी लिहायचं निमित्त करून मान खाली घातली.

ताई तिच्याकडे बघत राहिली. परतताना मला म्हणाली, "ती पोरगी जेवली नव्हती." मी म्हटलं, "तुला कसं कळलं?" "मला कळतं," म्हणाली.

१ मार्च

आज जे झालं ते नीट क्रमानं लिहितो.

डॉक्टरांच्या खोलीत तपासनीस दोघं, डॉक्टर, मणीवाली, आणि आम्ही. तपासनिसांतल्या एकानं विचारलं, "आजी जेवतात का व्यवस्थित?" मी छाती पुढे काढून सांगितलं, "ताट लख्ख असतं. मी स्वतः बघतो." त्यांनी माना डोलावल्या. मग दुसरा मणीवालीला म्हणाला, "म्हणजे रुग्णाकडून काही चूक नाही. दोष पदार्थातच आहे. इतक्या वर्षांचं काम आहे तुमचं, वाईट वाटतं, पण हे बंद करायला हवं." ती "हो" म्हणाली. नुसते ओठ हलले.

तेवढ्यात ताई उठली. "थांबा," म्हणाली. कोटाचं बटण काढलं, झग्याच्या आतल्या खिशात हात घातला आणि डॉक्टरांच्या टेबलावर पितळेचं एक कुलूप ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं. डाव्या खिशातून, उजव्या खिशातून. टेबलावर माझी अख्खी बेवारशी पेटी मांडली गेली. शेवटचं गोदामाचं मोठं कुलूप काढताना तिला ते पेलेना, तेव्हा मणीवालीनं खालून हात दिला.

ताई म्हणाली, "आजही वजन करतील म्हणून भरून आणली होती. या पोरीचे मणी चांगले आहेत. खोटं माझ्या खिशात होतं."

मग तिचं खरं वजन केलं. कोट काढून, झगा बदलून. मी काट्याकडे दोनदा बघितलं. आकड्याच्या कितीतरी खाली. एवढीशी ताई. नुसत्या दवाखान्याच्या कपड्यात ती केवढी दिसते हे मी कितीतरी दिवसांत पाहिलंच नव्हतं.

मणीवालीनं तिथल्या तिथे हिशेब मांडला, कागद फाटेल इतक्या जोरात. खऱ्या वजनाला ते माप फारच जास्त होतं. वर अंगात अन्न नाही. तेवढं औषध गाठीवर सुटूनही उरलं, तेच मनगटात दिसत होतं. "मणी गळत नाहीत," ती म्हणाली. "डबी खरंच सांगत होती. बाकी सगळे आपण खोटं वाचत होतो." आणि मग ती रडली, आणि ताईनं तिला जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवला. जिनं एवढा घोळ केला तीच समजूत घालत होती.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फाशी द्यायला सगळ्यांत पुढे मीच होतो. निघताना त्या पोरीला म्हटलं, "बाळ, चुकलो मी." ती म्हणाली, "काका, कुलपं घेऊन जा, टेबल वाकतंय."

ताईचा उपचार आजपासून थांबवला. पुढचा निर्णय दोन आठवड्यांनी.

२ मार्च

काखेत कळसा आणि गावाला वळसा. खुळखुळ मी ऐकली. खिसे शिवताना मी पाहिले. अंगठी मी उकरून काढली. आणि फौजदाराच्या मिशांना वास कुठला, हे शेजारणीला कळलं ते मला नाही! गाढवाला निदान कान तरी लांब असतात.

शेजारणीकडे जाऊन माफी मागून आलो. तिनं मला चहा दिला आणि बोक्यानं माझ्याकडे पाठ फिरवली.

४ मार्च

आज विचारलंच. दोन दिवस मी नुसता आदळआपट करत होतो. म्हटलं, "ताई, का केलंस? मेली असतीस."

ती पलंगावर बसून माझ्या शर्टाचं बटण लावत होती. दोरा तोडला आणि म्हणाली, "आधीचं औषध बंद केलं त्या दिवशी तू चहा आणायला गेलास. चहा काही येईना. म्हणून मी बघायला आले जिन्यापर्यंत."

मी दोऱ्याचं रीळ उचलून गुंडाळायला लागलो.

"लहानपणी पडलास तरी रडायचा नाहीस तू. तिथे बसला होतास, तोंडात रुमाल कोंबून. मी वरच्या पायरीवरून बघितलं आणि परत जाऊन पडले. म्हटलं, पुन्हा कुणी बंद म्हणता कामा नये. ढब्बूला परत त्या जिन्यात बसवायचं नाही."

मी म्हणालो, "धूळ गेली होती."

"हो रे. धूळच."

मग मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो. या वयात. सुई बाजूला घे म्हणालो तरी तिनं ती हातातच धरून ठेवली होती. खूप वेळानं मी म्हटलं, "मला रडू दे गं. मी रडलो म्हणून काही मरत नाही. तू उपाशी राहिलीस तर मरशील." ती म्हणाली, "एवढं बरं बोलता येतं तुला?"

५ मार्च

डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं: तोंडातले फोड, मळमळ, थरथर. ते म्हणाले, "अहो, मळमळीवर साधी गोळी आहे! पहिल्याच दिवशी दिली असती. यांनी त्रास नाही म्हणून सांगितलं." फोडांना लावायला औषधही दिलं. म्हणजे इतके दिवस इलाज होता आणि ही फौजदाराला पोसत बसली.

आता जेवताना मी समोर बसतो. घास मोजायचे नाहीत, हा करार. ती तीन घास खाते आणि म्हणते, "बस, खरंच बस." मी ताट उचलतो. उरलेलं बरंच असतं. पण हे उरलेलं खरं आहे.

१६ मार्च

वजनाचा दिवस. घरातून निघताना मी दारात उभा राहिलो आणि म्हटलं, "खिसे." ताईनं दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. जाड कापडाचे, लांबलचक, रिकामे. दोघं हसायला लागलो ते रस्त्यापर्यंत.

काटा फार नाही चढला. पण उतरला नाही, किंचित वरच. आकड्याच्या अजून खालीच आहे. मला वाटलं, संपलं. डॉक्टर बाहेर गेले, तपासनिसांशी बोलले, परत आले. मणीवालीनं काहीतरी लिहून दिलं होतं, की डबी रोज बोलतेय तेव्हा अगदी लहान मापानं सुरू करून रोज लक्ष ठेवता येईल. ते म्हणाले, "परवानगी मिळाली. पण आजी, एकाही कुलपाची भर चालणार नाही." ताई म्हणाली, "माझ्याकडे आता किल्ल्यापण नाहीत."

मणीवालीसाठी डबा नेला होता. ताईनं सांगितलंच होतं, ती पोरगी जेवत नाही म्हणून. समोर बसवून खायला लावलं तिला. ताई घास मोजत होती, तेव्हा मी मुद्दाम आमच्या कराराची आठवण करून दिली.

२ एप्रिल

गाठीचा आकडा वर. मनगटाचा खाली. आता रोज सकाळी मी आधी हात चोळून गरम करतो.

१३ एप्रिल

काल गाठीचं चित्र काढलं. आज डॉक्टरांनी दाखवलं. गाठ गेलेली नाही. जाईल की नाही ते कुणी सांगत नाही, आणि मीही विचारलं नाही. पण लहान झालीय. मणीवालीनं करंगळीच्या नखावर बोट ठेवून दाखवलं, एवढ्यानं. मला तेवढं नख पुरलं. ताई म्हणाली, "एवढ्याशा नखासाठी माझी कवळी झिजवतोस रोज." पण हात माझा घट्ट धरला होता.

जिन्यात मी थांबलो. ताई म्हणाली, "धूळ?" मी म्हटलं, "धूळ." ती माझ्याशेजारी पायरीवर बसली. खाली उतरणारे लोक आम्हाला वळसा घालून जात होते. धूळ उडून जाईपर्यंत बसलो आणि मग घरी आलो.

दुपारी मासा केला. मी समोर बसलो, तिनं हळूहळू खाल्लं. अर्ध्यात थांबली. मी ताट उचलायला हात पुढे केला तर माझ्या हातावर चापट मारली. "झालंय कुठे माझं? पाणी पितेय." आणि उरलेलं संपवलं. काटा चोखून बाजूला ठेवला.

फौजदार खिडकीत केव्हाचा बसून होता. ताईनं रिकामं ताट त्याच्याकडे वळवून दाखवलं. त्यानं ताट पाहिलं, मला पाहिलं, जरा वेळ वाट पाहिली आणि उपाशीच घरी गेला.